प्रकाटाआ

चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका जुन्या धाग्यातला, म्हणजे तिथल्या लेखी चर्चेतला, दुवा मला हवा होता. धागा सापडला, उघडला आणि खाली सरकत गेले तसं दिसलं, की त्यातला निम्मा भाग आता रिकामा आहे. ज्यांच्याशी मी तिथे कितीतरी रात्री वाद घातला होता, त्यांनी मधल्या काळात परत येऊन आपला एकेक प्रतिसाद पुसून टाकला होता. प्रत्येक ठिकाणी चारच अक्षरं उरली होती: प्रकाटाआ. प्रतिसाद काढून टाकला आहे. माझी उत्तरं मात्र जागच्या जागी. ‘नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं.’ ‘तुमचा दुसरा मुद्दा मान्य, पण पहिल्यावर अजून अडतंय.’ ‘हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.’ कुठला दुसरा मुद्दा? काय वाचून? आज तो धागा पहिल्यांदा उघडणाऱ्याला यातून काहीच लागणार नाही. मला हवा होता तो दुवा मिळाला, पण तो उघडायचं राहूनच गेलं.

आमचा विषय होता, बरा न होणारा आजार झालेल्या माणसाला ते सांगावं की नाही. त्याने स्वतः विचारल्याशिवाय सांगू नये, असं माझं म्हणणं. सांगावं, कारण उरलेले दिवस त्याचे आहेत, आपले नाहीत, असं त्यांचं. या विषयावर समोरासमोर बोलायला माणसं सहसा मिळत नाहीत. घरच्यांशी बोलावं तर त्यांना लगेच शंका येते, की हिला कुणाबद्दल काही कळलंय का. मैत्रिणी हात हातात घेतात, धीर देतात आणि मुद्दा तिथेच राहतो. अनोळखी माणसाला माझी काळजी नसते, त्यामुळे तो सरळ मुद्द्यालाच हात घालतो. त्यांनी विचारलं होतं, “विचारल्याशिवाय सांगू नये म्हणता, पण ज्याला विचारायचीच भीती वाटते त्याचं काय?” (हे एक वाक्य माझ्या उत्तरात उद्धृत केलेलं होतं, म्हणून अजून शाबूत आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.) तो प्रश्न दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत सगळीकडे होता, जिना चढताना, कुणाची तरी वाट बघताना, दुसऱ्याच कुणाशी बोलताना. उत्तर मनात जुळायचं आणि मोडायचं. रात्री टंकायला बसल्यावर कळायचं, की दिवसभर पक्कं वाटत होतं त्यातलं एक वाक्यही आधाराशिवाय उभं राहत नाही. मग ते खोडायचं, पुन्हा लिहायचं, पाठवायच्या आधी एकदा त्यांच्या नजरेने वाचायचं. माझ्या मताला इतकं कसून कुणी तपासत नाही, मी स्वतः तर नाहीच.

हे सुख मला फार मोठं वाटतं.

वाद रंगल्यावर तिसऱ्याच कुणीतरी चरकसंहितेचा आधार आणला. त्या जुन्या वैद्यकग्रंथाच्या विमानस्थान या भागात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला वैद्यकाची दीक्षा देताना जे नियम सांगतो, त्यात एक असा आहे, की रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं कळलं तरी ते बोलून दाखवू नये. माझ्या बाजूला बळ मिळालं. खाली तीन-चार जणांनी लगेच +१ दिले, म्हणजे ‘सहमत’. त्यावर माझ्या प्रतिपक्षाचं उत्तर दोन ओळींचं होतं: वाक्य पूर्ण वाचा. पुढे अट आहे. जिथे सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होईल, तिथे सांगू नये, असं ते वाक्य आहे. म्हणजे सांगण्याला सरसकट बंदी नाही, अपाय कशाने होईल ते आधी बघ, असा तो नियम. मी त्या रात्री तो अध्याय काढून वाचला. अट खरंच होती. एका अव्ययाएवढ्या जागेत सगळा वाद मावलेला होता, आणि ती जागा आम्हां सगळ्यांना सोडून त्या एकट्या माणसाला दिसली होती.

पण वाचत पुढे गेले आणि त्या नियमानंतर लगेचच जे हाती लागलं त्याने मी चकित झाले. त्याच अध्यायात, दीक्षेनंतर, चर्चा कशी करावी हे सांगितलं आहे. वैद्याने वैद्याशी बोलावं, त्याने ज्ञान वाढतं, शंका फिटतात, बोलण्याची ताकद येते, असं म्हणून चर्चेचे दोन प्रकार केले आहेत: संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली मिळून केलेली, दुसरी भिडून केलेली. पहिलीबद्दलचा उपदेश मला आजही जवळजवळ पाठ आहे. समोरच्याला बेधडक विचारावं, त्याने विचारलं तर नीट उलगडून सांगावं, हरण्याच्या भीतीने कासावीस होऊ नये, आणि त्याला निरुत्तर केलं तर हुरळून जाऊ नये, चारचौघांत त्याची फुशारकी मारू नये. माझ्या पाहण्यातला प्रत्येक चांगला धागा या चार गोष्टींवर उभा असतो, आणि बिघडतो तेव्हा यातलीच कुठलीतरी एक सुटलेली असते.

दुसऱ्या प्रकाराबद्दल तर चरकसंहिता फारच स्पष्ट बोलते. समोरच्याला हरवायचंच असेल तर कसं हरवावं, याची तिथे रीतसर कृती आहे. ज्याचं वाचन कमी आहे त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठाचा मारा करावा. ज्याची समज तोकडी आहे त्याला अवघड शब्दांनी गारद करावं. ज्याला मोठं वाक्य लक्षात ठेवता येत नाही त्याच्यापुढे वाकडीतिकडी, लांबच लांब वाक्यं टाकावीत. ज्याला चटकन बोलता येत नाही त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आक्षेप घ्यावा. नवख्याला लाजवावं, रागीट माणसाला दमवावं, भित्र्याला घाबरवावं. मी हे वाचत होते आणि एकेका ओळीला आठवणीतला एकेक धागा समोर येत होता. विचारलेल्या साध्या प्रश्नावर दहा दुवे फेकून ‘आधी हे वाचा, मग बोलू’ म्हणणारे. पडद्यावर मावणार नाही असा परिच्छेद टाकून निघून जाणारे. एखाद्याने पहिल्यांदाच भीत भीत काही लिहिलं की त्याचं शुद्धलेखन काढणारे. समोरचा चिडेपर्यंत शांतपणे टोचत राहणारे, आणि तो चिडला की ‘चर्चेची पातळी घसरली’ म्हणून बाजूला होणारे. त्यासाठी डू आयडी, म्हणजे दुसऱ्याच नावाचं खातं, काढणं, कंपू जमवणं ही आपल्या काळाची भर, बाकी सगळं तिथे आधीच लिहून ठेवलेलं होतं.

शब्दच्छलाचं उदाहरणही त्याच अध्यायात आहे आणि ते इतकं ओळखीचं आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुणी म्हणतं, हा वैद्य नवतंत्र आहे, म्हणजे याचं शिक्षण नुकतंच झालं आहे. वैद्य म्हणतो, छे, माझी कुठली नऊ तंत्रं, माझं तर एकच आहे. अहो, नऊ नाही म्हणत मी, तुमचा अभ्यास नवा आहे म्हणतोय. तर वैद्य म्हणतो, नऊ वेळा नाही केला, पुष्कळदा केलाय. संपला संवाद. असे संवाद शंभर प्रतिसादांपर्यंत गेलेले मी पाहिले आहेत. दोघांनाही पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं, की समोरच्याला काय म्हणायचंय. तरी कुणी थांबत नाही, कारण आता बोलणं एकमेकांशी चाललेलं नसतं.

या खेळात तिसरा कोण असतो, तेही चरकसंहितेने सांगितलं आहे: परिषद, म्हणजे ऐकायला जमलेली माणसं. ती जाणती की अजाण, आपल्याकडे कललेली, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली, हे बघून मगच तोंड उघडावं. लेखी चर्चेत ही परिषद दिसत नाही आणि ती केवढी आहे हेही कळत नाही. लिहिणारे मूठभर आणि वाचनमात्र बहुसंख्य, हा अनुभव सगळ्यांचा आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये त्याचा ठोकताळाही मांडला: नव्वद टक्के नुसते वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात, एक टक्का माणसं बहुतेक सगळं लिहितात. आपण समोरच्या एकाला उत्तर देतोय असं वाटत असतं, आणि ऐकत असतात ते न दिसणारे नव्वद. ते आहेत म्हणून आपण जपून लिहितो, पुरावा शोधतो, वाक्य घासूनपुसून ठेवतो. ते आहेत म्हणूनच माघार घेणं जड जातं.

माझ्या धाग्यावर हे मी जवळून पाहिलं. पहिले काही दिवस आम्ही दोघंच होतो आणि बोलणं एकमेकांना उद्देशून होतं. ‘तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे’ हे वाक्य दोन्हीकडून सहज यायचं. चरकाचा विषय निघाल्यावर वाचणारे वाढले, +१ पडू लागले, कुणी कुणाच्या बाजूला ते दिसू लागलं. त्यानंतर दोन्हीकडचे प्रतिसाद लांबले. समोरच्याचं वाक्य तोडून घ्यायचं, त्याखाली उत्तर, पुन्हा पुढचं वाक्य, पुन्हा उत्तर, असं सुरू झालं. वाक्य तोडून घेतलं की त्याच्या अलीकडचा ‘कदाचित’ आणि पलीकडचा ‘पण’ बाहेर राहतो. त्यांनी एका ठिकाणी शेवटी ‘ह. घ्या.’ असं लिहिलं होतं. मला ते हलके घेता आलं नाही, कारण ज्या वाक्याला ते जोडलं होतं ते मला हलकं वाटलंच नव्हतं.

सूर कागदावर उतरत नाही, ही तक्रार या माध्यमाइतकीच जुनी आहे. १९८२ च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठातली माणसं संगणकावर लेखी गप्पा मारत होती. खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब कसा वागेल, असं काहीतरी चाललं होतं. त्यात कुणीतरी थट्टेने लिहिलं, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आणि काहींना तो धोक्याचा खराच इशारा वाटला. मग थट्टा ओळखायची कशी यावर खल झाला आणि १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी :-) ही खूण सुचवली, थट्टा नसेल तिथे :-( ही दुसरी. म्हणजे आज आपण दिवसभर वापरतो ती हसरी खूण एका गैरसमजातून निघाली. पण खुणेने प्रश्न सुटला नाही. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे लिहून ईमेलने पाठवायला सांगितलं होतं. वाचणारा ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ओळखलं गेलं ५६ टक्के वेळा. पर्याय दोनच असताना डोळे मिटून सांगितलं तरी ५० टक्के बरोबर येतात. लिहिताना आपला आवाज आपल्याच कानात वाजत असतो, त्यामुळे तो समोर पोचतच नाही याची कल्पना येत नाही. मी तेव्हापासून ठरवून टाकलं आहे, की राग आणणारा प्रतिसाद आधी मोठ्याने, प्रेमळ आवाजात वाचायचा. बरेचदा तो त्या आवाजातही तितकाच नीट बसतो.

या सगळ्याच्या उलट टोकाला एक उदाहरण आहे आणि चर्चेवरचा माझा विश्वास डळमळला की मी त्याकडे वळते. २००९ च्या सुरुवातीला टिमोथी गॉवर्स या गणितज्ञांनी एक अवघड प्रश्न आपल्या ब्लॉगवर जाहीरपणे मांडला. हेल्स-ज्युएट प्रमेयाच्या घनतेच्या रूपाला सोपी सिद्धता सापडेल का, आणि ती सगळ्यांनी मिळून शोधायची का? जो येईल त्याने लिहावं. टेरेन्स ताओंसारखे फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळालेले गणिती आले, तसे शाळेत शिकवणारेही आले. नियम असा होता, की कोपऱ्यात बसून पूर्ण विचार करून यायचं नाही. कल्पना अर्धीमुर्धी असेल तरी तशीच, थोडक्यात, सगळ्यांसमोर ठेवायची. दोन महिन्यांच्या आत वाट सापडली. निबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामायिक नावाने प्रसिद्ध झाला. चरकसंहितेतली हरवायची युक्ती अर्धं वाक्य पकडण्याची, आणि इथे अर्धं वाक्य बोलायलाच बोलावणं. माणसं तीच, माध्यम तेच, वाचणारेही तसेच अगणित. तरी तिथे कुणाची इज्जत पणाला लागली नव्हती, कारण प्रश्न सगळ्यांपेक्षा मोठा होता आणि ते सगळ्यांना मान्य होतं.

आजार सांगावा की नाही, हा प्रश्नही आम्हां दोघांपेक्षा मोठाच होता. पण तो आमच्या आमच्या घरांतून आलेला होता, आणि तिथे गणिताचा मोकळेपणा कसा आणायचा?

चरकसंहितेतलं आणखी एक वाक्य मला सगळ्यांत खरं वाटतं. चर्चेचे फायदे सांगताना तिथे म्हटलं आहे, की गुरू प्रसन्न होऊन शिष्याला जे हळूहळू, राखून राखून सांगतो, ते सगळं वादात जिंकायच्या भरात माणूस एकदम बोलून जातो. म्हणजे जिंकण्याची ओढ नुसती वाईट नाही. तिच्यामुळेच आतलं बाहेर येतं. आमच्या वादाच्या ऐन भरात, परिषद पुरती विरोधात गेलेली असताना, त्यांनी एका मध्यरात्री स्वतःच्या घरातली एक हकिगत लिहिली. ती काय होती ते मी इथे सांगणार नाही. ज्यांनी ती पुसली त्यांच्या वतीने ती पुन्हा लिहायचा हक्क मला नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर धाग्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही, आणि माझ्या मतातला ‘विचारल्याशिवाय’ हा शब्द तेव्हापासून मला पूर्वीसारखा वापरता येत नाही. ती हकिगत शांत, समजूतदार गप्पांत आली असती असं मला वाटत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना कोपऱ्यात ढकललं होतं म्हणून ती आली. माझ्या वाट्याला आलेलं सर्वांत मोठं दान आणि त्यांच्यावर झालेली जबरदस्ती, दोन्ही त्या एकाच प्रतिसादात होती.

त्यामुळे त्यांनी तो पुसला याचा राग धरू म्हटलं तरी धरवत नाही. उलट, इतके दिवस तो तिथे कसा राहू दिला याचंच आता नवल वाटतं. पण त्यांनी सगळंच पुसलं, ते सुरेख युक्तिवाद, ती अटीची जागा, तो भीतीचा प्रश्न, आणि याची हळहळ मात्र जात नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हाही गप्पांचे ढीग गेले, पण तिथे सगळ्यांचं सगळं एकदम गेलं. इथे अर्धं राहिलं, आणि अर्धा वाद दोघांवरही अन्याय करतो. माझी बाजू आता बिनतोड दिसते आणि ती तशी नव्हती.

म्हणून मी परत जाऊन माझ्या उत्तरांत बदल केले. त्यांच्या हकिगतीतून मी उचललेल्या ओळी काढल्या. त्यांचे युक्तिवाद मात्र जसे आठवले तसे, माझ्या शब्दांत, माझ्या उत्तरांच्या आधी मांडले. खंडन करण्याआधी पूर्वपक्ष नीट उभा करायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या ताकदीने, ही आपल्याकडची जुनी शिस्त. मी ती करताना दोन ठिकाणी अडले, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्याइतकं चांगलं मला मांडता येईना. भीतीचा प्रश्न तेवढा त्यांच्या शब्दांत ठेवला. त्यात त्यांचं खासगी काही नाही आणि त्याहून बरा तो विचारता येत नाही. त्यांना निरोप पाठवला, की हे असं केलं आहे, नको असेल तर काढीन. उत्तर आलेलं नाही. तो आयडी बहुधा कुणी उघडतच नसावं.

या धाग्यामुळे मला एकदा आणखी कुणाचा निरोप आला होता. मी कधी लिहीत नाही, वाचनमात्र असते, पण तुम्हां दोघांचं सगळं वाचलं आणि काल आईशी बोलले, एवढाच. त्यांनी आईला काय सांगितलं हे लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. कुणाचा मुद्दा पटला, याची मला त्या क्षणी जराही उत्सुकता नव्हती, आणि असं मला वादात फार क्वचित होतं.

सध्या मी एका नव्या धाग्यावर असते. वाचून पूर्ण विसरून गेलेलं पुस्तक वाचलं म्हणायचं का, असा प्रश्न कुणीतरी टाकला आहे. मी ‘हो’ म्हणणाऱ्यांतली. पुस्तक विसरलं तरी त्याने लावलेलं वळण राहतं, असं सविस्तर लिहिलं. त्यावर एकांनी विचारलंय, की आठवतच नाही तर ते वळण त्या पुस्तकाने लावलं हे तुम्हाला कशावरून कळलं? कालपासून मी यावर विचार करते आहे. दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही पाठवली नाहीत. पहिलं चटकदार होतं, त्याला +१ नक्की मिळाले असते, पण त्यात त्यांच्या प्रश्नाला बगल होती. दुसरं अर्धंच सुचलंय. आता ते तसंच, अर्धं, टाकते आणि पुढचं त्यांनाच विचारते.